बायोडाटातलं एक विशेषण

गिरगाव,
७ जानेवारी २०२५

नूपुर,

हे पत्र तुझ्या माझगावच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. परळच्या घरी पाठवलं असतं तर तुझ्याआधी तुझ्या आईने, नलूने, वाचलं असतं. फोन करणार नाही. फोनवर माणसं ऐकत नाहीत, आपली पाळी यायची वाट बघतात. तूही कागदावरच उत्तर दे. मोबाइलवर आलेलं मी वाचत नाही, हे तुला ठाऊक आहे.

काल नलू आली होती. हातात तुझा लग्नाचा बायोडाटा आणि त्यातल्या एका शब्दाभोवती लाल पेनाने काढलेला गोल. म्हणाली, "कालिंदीताई, एवढा एक शब्द काढा. इतकं चांगलं स्थळ हातचं जाईल."

चाळीस वर्षं मी बॅलार्ड इस्टेटला शिपिंग कंपनीचा पत्रव्यवहार सांभाळला. डायरेक्टरांच्या इंग्रजीला मी लाल पेन लावत असे आणि ते मुकाट्याने दुरुस्त करून घेत. आता निवृत्तीनंतर माझ्या इंग्रजीला बँकेतली वहिनी लाल पेन लावते. असो.

नलूच्या मूळ मसुद्यात तुझं वर्णन काय होतं ते तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. सिंपल, होमली आणि अ‍ॅडजस्टिंग. सिंपल तर तू नाहीसच. होमली म्हटलं की अमेरिकेत मुलगी दिसायला बेताची आहे असं समजतात. आणि अ‍ॅडजस्टिंग हे विशेषण मी पान्याला लावते, माणसाला नाही. मी तिन्ही खोडले आणि त्या जागी एकच घातला: इन्साइसिव्ह.

आम्हाला शाळेत सिस्टर बेनेडिक्टा म्हणून एक नन होत्या. त्यांचं म्हणणं असं की विशेषण म्हणजे आरोप असतो. पुरावा असेल तरच करावा. निबंधात 'दयाळू राजा' लिहिलं की त्या विचारायच्या, काय केलं त्याने? सांगता आलं नाही तर राजा राहायचा, दयाळू जायचा. तुझ्याबद्दलचा पुरावा माझ्याकडे आहे.

तू दहा वर्षांची असशील. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नव्हतं म्हणून जिन्यात सभा भरली होती. पंप बदला, पालिकेकडे मोर्चा न्या, सेक्रेटरीला काढा, असं तासभर चाललं. तू पायरीवर बसून चिंचेची गोळी चघळत होतीस. मध्येच विचारलंस, "पाणी खाली येतच नाही की वर चढत नाही?" तोवर कोणी गच्चीवरची टाकी उघडून बघितलीच नव्हती. टाकी भरलेली होती, म्हणजे दोष पंपात नव्हता, खाली येणाऱ्या नळात होता. ह्याला इन्साइसिव्ह म्हणतात. हुशार तर त्या सभेत सगळेच होते. हुशार माणसाकडे उत्तरं असतात. इन्साइसिव्ह माणूस प्रश्नाच्या बरोबर सांध्यावर सुरी ठेवतो आणि त्याचे दोन तुकडे करतो. मराठीत आपण कुशाग्र म्हणतो, पण गवताचं टोक नुसतं टोचतं. मर्मभेदीमध्ये समोरचा जखमी होतो. मर्मग्राही हा त्यातल्या त्यात जवळचा, पण तो बायोडाटात घातला तर दादरचे लोक तुला कवयित्री समजतील.

तर आता ह्या दादरच्या बाई. सौमित्रच्या आई, कुमुदिनीबाई. बायोडाटावर दिवसा बोलायला म्हणून नलूने माझा नंबर दिला होता. बाईंनी मला फोन करून त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी टाकीच्या गोष्टीसकट नीट सांगितला. हसल्या, छान आहे म्हणाल्या. दोन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा सांगितला, थोडक्यात. त्या आठवड्यात तिसरा फोन. ज्याला उत्तर मिळालेलं आहे तो पुन्हा विचारतो तेव्हा तो विचारत नसतो, हरकत घेत असतो. आमचे डायरेक्टर क्लार्क लोकांशी असंच करायचे. तिसऱ्यांदा मी सांगितलं, "डिक्शनरी बघा," आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी नलूला कळवलं की तो शब्द त्यांना खटकतो, आणि बैठक पुढे ढकलली.

सासूला सुनेच्या डोक्याची भीती वाटते, ही काही नवी गोष्ट नाही. पण म्हणून आपण डोकं बायोडाटातून काढायचं का? तुझं मत कळव. माझं ठरलेलं आहे.

कालिंदीआत्या


माझगाव,
१० जानेवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र ऑफिसात आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. पाकिटावर तू माझं नाव हुद्द्यासकट लिहितेस, म्हणून.

तुझं मत ठरलंय, तसं माझंही ठरलंय. शब्द काढ. तो चुकीचा आहे म्हणून नाही. मला सौमित्र हवा आहे म्हणून.

तू म्हणशील दोनच तर भेटी झाल्यात. खरंय. पहिल्या भेटीत त्याने मला विचारलं की आगीच्या विम्याची पाहणी करतात म्हणजे नेमकं काय करतात. मी रे रोडच्या लाकडाच्या वखारीची गोष्ट सांगितली. मालक म्हणत होता आग विजेच्या तारेतून लागली, आणि राखेखालची फरशी सांगत होती की ती खालून, तीन ठिकाणी लागली. कॉफी गार झाली तरी मी बोलत होते. मध्ये दोनदा तो म्हणाला, "हे कळलं नाही, परत सांग." आत्या, तीस वर्षांत हे वाक्य मी पुरुषाच्या तोंडून ऐकलेलं नाही. बाबांच्या तर नाहीच. तो पुलांचा इंजिनियर आहे, त्याला न कळून चालत नाही, असं तो म्हणाला. मला हाच माणूस हवा आहे, आणि त्याच्यापुढे एका विशेषणाची किंमत काही नाही. तू ते माझ्याबद्दल मनात ठेव.

पण एक सांग. काकूंनी तीन वेळा फोन केला, तेव्हा नेमकं काय बोलल्या? तू काढलेला अर्थ नको, त्यांचे शब्द हवेत. त्यांचा विरोध शब्दाला आहे की मला, ते मला अजून कळलेलं नाही. सौमित्रला विचारलं तर तो म्हणतो, आई हल्ली जरा हट्टी झालीय, वेळ दे.

आणि भांडू नकोस. मी तुला ओळखते.

नूपुर


गिरगाव,
१८ जानेवारी २०२५

नूपुर,

भांडले नाही. दादरला गेले होते. तिळगूळ द्यायचं निमित्त केलं. 'गोड बोला' म्हणायला मला कधी जमलं नाही, त्यामुळे मी नुसता तिळगूळ देते.

तुला त्यांचे शब्द हवे आहेत ना, तर घे. पहिला फोन: "नमस्कार, मी सौमित्रची आई. मुलीच्या बायोडाटात एक शब्द आहे, त्याचा अर्थ जरा सांगाल का?" दुसरा फोन: "नमस्कार, मी सौमित्रची आई. मुलीच्या बायोडाटात एक शब्द आहे, त्याचा अर्थ जरा सांगाल का?" तिसराही तोच, अक्षर न अक्षर तोच. पत्रव्यवहारात काढलेलं आयुष्य आहे माझं, वाक्यं माझ्या लक्षात राहतात. वर तोच गोड आवाज, जणू आमची कधी ओळखच झालेली नाही. अपमान करायची ही पद्धत मी पहिल्यांदा पाहिली. शिकण्यासारखी आहे.

आता घरचं सांगते. बाई देखण्या आहेत, घर नीटनेटकं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा एकटाच. पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. मी कंपनीचं नाव घेतलं मात्र, त्यांनी आमच्या ऑफिसचा तेव्हाचा सहा आकडी नंबर धडाधड म्हणून दाखवला. आमच्या जनरल मॅनेजरची खाजगी लाइनसुद्धा. मी थक्क झाले. अर्धा तास बोलत होत्या, बॅलार्ड इस्टेटचे जुने साहेब, कोण किती वेळ बोलायचा, कोणाला कुठून ट्रंक कॉल यायचे. मला आवडल्या, हेही लिहून टाकते, म्हणजे मी पक्षपात करते असं तू म्हणायला नको.

पण मुद्द्यावर आले की हातातून निसटायच्या. मी विचारलं, बैठक कधी ठेवायची? "सौमित्र सांगेल." तुमच्याकडून किती माणसं? "सौमित्र सांगेल." शब्दात नेमकं काय खटकलं? नुसत्या हसल्या. मला तिळगूळ दिला. थोड्या वेळाने परत दिला. मी म्हटलं, मघाशी झाला. तर म्हणतात, "गोड माणसाला दोनदा." मी आणि गोड. मला शेजारची मांजरंही गोड म्हणत नाहीत.

आता मला सांग, जिला कंपनीचा चाळीस वर्षांपूर्वीचा नंबर पाठ आहे तिला पंधरा दिवसांपूर्वी विचारलेला प्रश्न आठवत नाही, हे मी मानू? त्या सगळं समजून उमजून करतात. इंग्रजीत ह्याला श्रूड म्हणतात. श्रूड माणूसही धारदारच असतो, पण ती धार तो स्वतःच्या कुंपणासाठी वापरतो. तुझ्यासारखी मुलगी त्या कुंपणात एक दिवस टिकणार नाही.

माझा सल्ला मागितला नाहीस, तरी देते. स्थळ सोड.

कालिंदीआत्या


शिवडी,
२७ जानेवारी २०२५

आत्या,

हे पत्र गोदामाच्या बाहेर गाडीत बसून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू सगळं लिहिलं आहेस. तुझ्याइतकं नेमकं कोणी लिहू शकलं नसतं. फक्त खाली केलेली सही चुकीच्या निष्कर्षावर आहे.

तुझं म्हणणं, उत्तर मिळाल्यावर जो पुन्हा विचारतो तो विचारत नसतो. आत्या, त्या विचारतच होत्या. प्रत्येक वेळी पहिल्यांदा.

जुने नंबर पाठ असणं हा त्याच्या उलट पुरावा नाही. माझ्या कामात उलट दिसतं तेच बघायला शिकवतात. आग वरचा, नवा माल आधी खाते, तळाची जुनी थप्पी तशीच्या तशी मिळते. तुला सगळं जुनं मिळालं. नवं काही मिळालं का? तारीख नाही, माणसं नाहीत, मघाशी दिलेला तिळगूळही नाही. प्रत्येक ठिकाणी "सौमित्र सांगेल." हे कुंपण नाही, ही आधाराची काठी आहे.

मग शब्द का खटकला? फोनवर तूच त्यांना टाकीची गोष्ट सांगितलीस. सभेत सगळे बोलत असताना एक मुलगी बघते की टाकीत पाणी आहे की नाही. त्यांना मी भांडेन ह्याची भीती नाही, आत्या. मला दिसेल ह्याची भीती आहे.

सौमित्रला माहीत नाही, अशी माझी खात्री आहे. तो म्हणतो आई हट्टी झालीय. माहीत असतं तर त्याने हा शब्द वापरला नसता.

आता मला कळत नाही की काय करायचं. त्याला सांगितलं तर त्यांचं गुपित मी फोडलं असं होईल. नाही सांगितलं तर आमचं लग्न एका न उघडलेल्या टाकीवर उभं राहील. आणि खरं सांगायचं तर तिसरीही गोष्ट आहे. मला भीती वाटते. दादरचं दोन खोल्यांचं घर, आम्ही तिघं, आणि पुढे काय होणार आहे ते मला थोडंसं आठवतं. आजीच्या वेळेस मी लहान होते, पण ती मला 'कोणाची ग तू' विचारायची ते विसरलेले नाही.

कोणाला बोलू नकोस. आईला तर नाहीच.

नूपुर


गिरगाव,
३१ जानेवारी २०२५

नूपुर,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. रागाने. कोणावर, ते ठरवायला वेळ लागला.

तुझी आजी ह्याच घरात सहा वर्षं विसरत गेली. सकाळी ऑफिसला निघाले की ती दारात विचारायची, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" मी सांगायचे, तुमच्याकडेच आले होते, आता निघते. मला सगळ्या मुंबईत सगळ्यात आधी ओळखू यायला हवं होतं. दादरच्या त्या खुर्चीत बसून मी तिळगुळाचे दाणे मोजत राहिले आणि माझ्या इंग्रजीचा अपमान झाला म्हणून धुमसत राहिले. तेव्हा ह्या बाबतीत शब्द माझ्यासाठी नव्हता, तुझ्यासाठीच होता. मी तो बरोबर माणसाला लावला होता, एवढं समाधान मला राहू दे.

पण आता ऐक. मी ती सहा वर्षं केली तेव्हा मी एकटी होते. माझा कोणाशी संसार नव्हता, त्यामुळे मोडायलाही काही नव्हतं. तुझे बाबा रविवारी यायचे, आईच्या पाया पडायचे आणि चार वाजता निघायचे. सून ह्या घरात राहत असती तर सगळं तिच्यावर पडलं असतं, आणि सगळे तिला म्हणाले असते, किती करते हो. ह्या 'किती करते हो'मध्ये एक बाई पुरी संपते. मी पाहिल्या आहेत. आमच्याच मजल्यावर पाहिल्या आहेत.

तुला दिसलं, त्याला इन्साइसिव्ह म्हणतात. दिसूनही उडी मारलीस तर त्याला दुसरा शब्द आहे. तो मी लिहिणार नाही, तुझ्या आजीने मला संस्कार दिले आहेत.

मुलगा चांगला आहे, मान्य. 'परत सांग' म्हणतो, तेही मान्य. दादरमध्ये असे आणखी चार असतील. हवं तर मी नवा बायोडाटा लिहिते.

कालिंदीआत्या


माझगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

नवा बायोडाटा नको. मी काकूंकडे गेले होते. सौमित्र ऑफिसात असताना, मुद्दाम सकाळी.

त्यांनी मला ओळखलं, आत बसवलं, चहा टाकला. मी खूप वाक्यं ठरवून गेले होते. ओट्याशी त्यांना पाठमोरं पाहिलं आणि सगळी गळून पडली. एकच विचारलं, "काकू, तुम्ही डॉक्टरांना भेटलात का?"

त्यांनी गॅस बंद केला. वळल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला कशावरून कळलं?"

"आत्याच्या पत्रावरून."

"म्हणजे तुझ्या आत्यालाही कळलं?"

"नाही. तिने फक्त जसं घडलं तसं लिहिलं."

ह्यावर त्या हसल्या, आणि मग तिथेच पाटावर बसून बराच वेळ रडल्या. दिवाळीनंतर त्या एकट्याच डॉक्टरकडे गेल्या होत्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं आहे. कोणाला सांगितलं नाही. म्हणाल्या, "मी ऑपरेटर होते. आमचा नियम होता, दोन माणसं जोडून दिली की लाइनवर थांबायचं नाही. तुम्ही दोघं जोडले जाईपर्यंत कळू नये, एवढंच मला हवं होतं. मग तो शब्द वाचला."

मी त्यांना सांगितलं की सौमित्रला मी काही बोलणार नाही, तुम्हीच सांगा, पण बैठकीच्या आधी सांगा. त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

त्यानंतर सौमित्रचा फोन आला. आत्या, तो इतक्या हळू आवाजात बोलला की मला आधी राग कळलाच नाही. म्हणाला, "तू माझ्या आईची पाहणी केलीस. जळालेल्या गोदामासारखी." मी म्हटलं, तसं नाही. तो म्हणाला, "मी त्या घरात राहतो. मला दिसलं नाही. आणि तुला पत्रातून दिसलं." आणि फोन ठेवला. तेव्हापासून काही नाही. आईला वाटतं त्या शब्दामुळेच स्थळ फिसकटलं. ती तुझ्याशी बोलणार नाही, तर तू मनावर घेऊ नकोस.

तू लिहिलंस त्यावर मी विचार केला. 'किती करते हो' वर सगळ्यात जास्त. मी ते होऊ देणार नाही. करायचं तर तिघांनी मिळून, बाई ठेवून, सुट्ट्या वाटून, आणि माझं काम न सोडता. हे मी त्याला सांगणार होते. त्याने विचारलं असतं तर.

उडी मारणाऱ्यासाठी तुझ्याकडे जो शब्द आहे तो मला माहीत आहे. पण उडी आणि उतरणं ह्यात फरक आहे. मी पायऱ्या बघितल्या आहेत. मला अजूनही तो हवा आहे, आणि मी त्याला फोन करणार नाही. मी चुकीचं काही केलेलं नाही.

नूपुर


दादर,
२४ फेब्रुवारी २०२५

कालिंदीताईंना नमस्कार.

हे पत्र सकाळी लिहिते आहे. सकाळी मी चांगली असते. दुपारनंतरच्या माझ्या बोलण्यावर फार विश्वास ठेवू नका.

मी तुम्हाला तीन वेळा फोन केला होता, हे मला नूपुरकडून कळलं. शेवटच्या वेळी तुम्ही रागावलात म्हणे. मला आठवत नाही, तेव्हा तो राग फुकट गेला असं समजा.

सौमित्र पंधरा दिवस घुम्यासारखा होता. मुलीशी बोलत नाही म्हणून मी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, गेल्या वर्षभरात मी तुला एकच गोष्ट परत परत विचारत होते की नाही? म्हणाला, हो. मग तुला काय वाटायचं? तर म्हणाला, "मला वाटायचं तू एकटी पडलीस, म्हणून काहीतरी बोलत राहतेस." म्हणजे दिसत त्यालाही होतं, ताई. त्याने त्याला सोसवेल असं नाव दिलं होतं. आता त्याला त्याचीच लाज वाटते आणि फोन करायचा धीर होत नाही. पुलांवर बरा चढतो.

येत्या रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे गिरगावला आलो तर चालेल का? मुलीला बोलवा. तो येणार आहे हे तिला आधी सांगू नका, असं लिहिणार होते. पण नाही, सांगा. तिच्यापासून लपवून काही करायचं नाही असं मी ठरवलं आहे. जमतही नाही.

एक विनंती आहे. पुढे कधी मी तिला 'आपण कोण' असं विचारलं, तर तिने मनाला लावून घेऊ नये. नाव सांगावं आणि चहा टाकावा. तुमच्याकडे हे सगळं होऊन गेलेलं आहे असं नूपुर म्हणाली, म्हणून तुम्हाला लिहिते.

कुमुदिनी


गिरगाव,
४ मार्च २०२५

नूपुर,

रविवारी तू आणि सौमित्र चौपाटीवर फिरायला म्हणून गेलात आणि दोन तासांनी आलात. मधल्या वेळात इथे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

त्याआधीचं तुझ्यासमोर झालं, तरी एक माझ्या बाजूने लिहून ठेवते. माझ्या दारात चपला काढायच्या आधी त्याने विचारलं, अजून हो म्हणशील का? आणि तू म्हणालीस, "हो, पण." मग तू तुझं 'पण' एका दमात सांगितलंस. काम सोडणार नाही, बाई ठेवायची, रविवार त्याचे, सुट्ट्या वाटून घ्यायच्या, कोणी तुला 'किती करते हो' म्हटलं तर त्याने तिथल्या तिथे आपला वाटा सांगायचा. त्याने सगळं उभ्याने ऐकलं. सुट्ट्यांचं परत विचारून घेतलं. मी त्या मुलाला नाकारायच्या तयारीने बसले होते, शब्दसुद्धा काढून ठेवले होते. ते वाया गेले. माझी हरकत मी मागे घेते, लेखी.

नलूला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, एवढं कळूनही मुलगी हो म्हणते? मी म्हटलं, नलू, कळलं म्हणून म्हणते. न कळता तर कोणीही म्हणतं.

तर तुम्ही गेल्यावर कुमुदिनीबाईंनी पर्समधून तुझा बायोडाटा काढला. त्यांच्याकडची प्रत. म्हणाल्या, मुलीचा बायोडाटा आम्ही मागून घेतला, घरभर वाचला, त्यावर वाद घातला. सासूचा कोणी मागत नाही. माझा लिहून द्याल का?

मी विचारलं, कशासाठी?

म्हणाल्या, "दोन-तीन वर्षांनी तिच्यासमोर जी बसलेली असेल ती मी नसेन. आधी कोण होते ते तिला माहीत असलेलं बरं. म्हणजे रागवायचं तर कोणावर ते तरी कळेल."

मी कागद घेतला. मी म्हटलं, मराठीत लिहीन, आणि विशेषण हवं असेल तर घडलेलं सांगावं लागेल. त्या म्हणाल्या, मुलीला दिलंत तेच मलाही चालेल. मी म्हटलं, ते दिलेलं आहे, दुसरं मागा. तेव्हा त्या हसल्या, तशाच, फोनवर पहिल्यांदा हसल्या होत्या तशा. आणि मग त्यांनी बरंच सांगितलं. सासर, नवऱ्याचं दुखणं, मुलाची फी. ते सगळं मी यथावकाश लिहीन. दर मंगळवारी सकाळी दादरला जायचं ठरवलं आहे. पण त्यातली एक गोष्ट आजच तुला कळवते.

त्या एक्स्चेंजवर दुपारच्या पाळीला असायच्या तेव्हा एक म्हातारी बाई रोज फोन करायची आणि वेळ विचारायची. एकदा नाही, सारखी. पाच मिनिटांनी परत, दहा मिनिटांनी परत. बाकीच्या ऑपरेटर आवाज ओळखून लाइन तोडायच्या. काही जणी हसायच्या. कुमुदिनीबाई मात्र दर वेळी घड्याळ बघून वेळ सांगायच्या. असं काही वर्षं चाललं. मग ते फोन यायचे थांबले.

मी विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही आला? तोच प्रश्न, तेच उत्तर."

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. म्हणाल्या, "तेच कुठे? वेळ दर वेळी वेगळी असायची."

हे मी जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे. विशेषण घातलेलं नाही.

कालिंदीआत्या